बोंडाचं पीठ, पिल्लाचं वजन

मांडी घालून बसा, किंवा पाठ टेकून. सोयीचं असेल तसं. हे मनन सावकाश करायचं आहे. मध्येच एखाद्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं, तर थांबा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, आणि मग पुढे वाचा.

विषय आधीच सांगतो. काजूचं बोंड वाळवून, दळून त्याचं पीठ केलं आणि दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना ते खाद्यात मिसळून दिलं, तर पिल्लं वाढतील का? आणि वाढतील की नाही, हे खात्रीने कसं जाणायचं? डुकराचं नाव ऐकताच मनात काही आक्रसलं असेल, तर ते तसंच राहू द्या. पुढे त्याच्याकडे वळू.

आधी जागा मनात आणा. चिपळूणहून कराडच्या रस्त्याला लागलं, की कुंभार्ली घाटाकडे जाताना अलोरे लागतं. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत. एका अंगाला कोयना प्रकल्पाची वसाहत, आणि बाकी कोकणातलं गाव असतं तसं गाव: उतारावर कलमं, परसात फणस, वरकस जमिनीवर काजू. एप्रिल सरत आला आहे. सकाळची वेळ आहे, आणि काजूखालच्या पाचोळ्यावर बोंडं पडली आहेत, काही पिवळी, काही तांबडी.

एक उचला. हाताला ते मऊ आणि थंड लागेल. साल इतकी पातळ, की अंगठा जरा दाबला तरी रस बाहेर येतो. खाली लटकलेली करडी बी पिरगळून वेगळी करा. ती जपून धरा, कारण तिच्या टरफलातला चीक कातडीला लागला तर भाजतं. आता बोंड नाकापाशी न्या. या वासाशी थोडा वेळ राहा. गोड, जड, किंचित आंबूस. दुपारपर्यंत हा आंबूसपणा वाढलेला असेल, आणि उद्या सकाळी याच बोंडावर चिलटं घोंघावत असतील. झाडावरून पडलेलं बोंड जेमतेम एक दिवस टिकतं.

आता एक घास घ्या, प्रत्यक्ष किंवा आठवणीतला. पहिल्यांदा गोडी येते आणि तोंड रसाने भरतं. मग जीभ आवळत जाते, गालांच्या आतला ओलावा कुणी पुसून घेतल्यासारखा होतो, आणि घशाशी खवखव राहते. इथे थांबा. ही तुरट पकड म्हणजे टॅनिनची करामत. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. जिभेवर आत्ता जे घडलं तेच पोटातही घडू शकतं. खाद्यातल्या प्रथिनांना टॅनिनने धरून ठेवलं, तर ती पचत नाहीत, अंगी लागत नाहीत. बोंड पिल्लाला द्यावं का, या प्रश्नातली मोठी अडचण अशी आपल्याच तोंडात आधी कळते.

आता झाडाखालच्या ढिगाकडे पाहा. बी विकली जाते, बोंड तिथेच राहतं. वजनाने पाहिलं तर बोंड बीच्या सहा-सात पट ते दहा पट भरतं. म्हणजे काजूची एक गोण घरी येते, तेव्हा निदान सहा-सात गोणींइतकं फळ झाडाखाली कुजायला सोडलेलं असतं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड किनाऱ्यावर आणलं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा जाती दिल्या, बागा वाढल्या, बी वाढली. बीबरोबर बोंडाचा ढीगही वाढला. गोव्यात त्याचा रस काढून हुर्राक आणि फेणी करतात, २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. रत्नागिरीत बोंडाला असं घर नाही. कुणी सरबत करतं, कुणी गुरांपुढे टाकतं, बरंचसं मातीत जातं.

अलोऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कोयनेचं पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडून वीज देतं, आणि तिथून सुटलेलं तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याच्या वीजघरात पुन्हा वापरलं जातं. मग ते वाशिष्ठीला मिळतं. एकदा काम करून सुटलेल्या पाण्यात अजून ३२० मेगावॅटची ताकद उरली आहे, हे कुणाला वाटलं म्हणून धरण उभं राहिलं नाही. पाणी किती, उंची किती, किती वेळ मिळेल, हे मोजलं गेलं. बोंडाकडे पाहताना हे मोजणं लक्षात ठेवू या. उरलेल्या वस्तूत काहीतरी असणार, ही भावना चांगली आहे. पण तेवढ्या भावनेवर कुणाच्या तोंडात घास घालता येत नाही.

आता मघाशी आक्रसलेल्या त्या जागेकडे वळू.

डुक्कर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उकिरडा, गटार, शिवी. ही चित्रं आली तर त्यांना हाकलू नका, नीट पाहा. उकिरड्यावर डुक्कर दिसतं ते आपण त्याला दुसरं काही खायला ठेवलेलं नसतं म्हणून. चिखलात लोळतं, कारण त्याला घामाने अंग गार करता येत नाही. ऊन तापलं की त्याच्याकडे सावली, पाणी आणि चिखल एवढेच उपाय असतात. आणि ही किळस जनावरापाशी थांबलेली नाही. डुकरं पाळणाऱ्या कैकाडी, वडार समाजातल्या माणसांपर्यंत ती पोचली. त्यांची घरं गावाच्या कडेला राहिली, त्यांचं जनावरांबद्दलचं ज्ञान कुणी विचारलं नाही. दशावतारात तिसरा अवतार वराहाचा आहे, पृथ्वी सुळ्यावर उचलून धरणारा. कोकणातली देवळं आणि रंगमंच त्याला ओळखतात. तरीही पशुपालनाची गोष्ट निघाली की गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांवर बोलणं संपतं. मला हे अन्यायाचं वाटतं. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरं नोंदली गेली, २०१२पेक्षा साधारण १२ टक्के कमी. ज्यांच्या घरी ती आहेत त्यांच्यासाठी डुक्कर म्हणजे शाळेची फी, दवाखाना, लग्नाची बेगमी.

या घराण्यातलं आणखी एक जनावर अलोऱ्याच्या आसपास सगळ्यांच्या परिचयाचं आहे: रानडुक्कर. भात, कंद, नाचणी उकरून टाकतं म्हणून शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतो, आणि त्याचा राग खरा आहे. पण रात्री काजूखाली, फणसाखाली तेच येतं. पडलेलं हुंगतं, थोडं खातं, पुढे सरकतं, मुळं उकरतं, किडे खातं, पहाटे रानात परततं. या क्षणाशी जरा रेंगाळा. बोंड तुरट लागलं तर ते सोडून देण्याची त्याला मुभा आहे. शेडमध्ये कोंडलेल्या पिल्लाला ती मुभा नाही. कुंडात पडेल तेवढंच त्याचं जग. रानात निवड जनावराची असते, शेडमध्ये ती आपण आपल्या हाती घेतलेली असते. खाद्याचा प्रयोग जपून का करायचा, याचं माझ्या मते हे पहिलं आणि पुरेसं कारण आहे.

आता पिल्लाला जवळून पाहू.

ते जन्मलं तेव्हा किलो-सव्वा किलोचं होतं. देशी असेल तर त्याहून लहान. पहिल्या काही दिवसांतच भावंडांशी झोंबाझोंबी करून त्याने आपलं एक सड ठरवून घेतलं, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच सडाला जाऊन ते भिडत राहिलं. आईच्या दुधात लोह कमी असतं. मातीत उकरणाऱ्या पिल्लाला ते मातीतून मिळतं, सिमेंटच्या कोब्यावर वाढणाऱ्याला टोचून द्यावं लागतं. या काळात त्याचं पोट दूध पचवण्यासाठी तयार असतं. धान्यातला स्टार्च, पेंडीतली प्रथिनं पचवणारे स्राव आठवड्यागणिक हळूहळू वाढतात. आणि मग एक दिवस दूध तोडलं जातं. आई दिसत नाही, सड नाही, शेजारी दुसऱ्या कळपातली अनोळखी पिल्लं, आणि कुंडात कोरडं पीठ.

त्या दिवसाच्या पिल्लाच्या पोटाचा विचार करा. एक साधं जठर, गाईसारखं चार कप्प्यांचं नाही. रवंथ नाही. तंतू कुजवून त्यातून ताकद काढणारी सोय मोठ्या आतड्यात थोडीशी, तीही अजून कच्ची. मोठं डुक्कर बरंच काही पचवून नेईल; हे पिल्लू नेणार नाही. खाद्यात एकदम बदल झाला की त्याला हगवण लागते, आणि दोन दिवसांच्या हगवणीत ते कोमेजतं. म्हणूनच नव्या खाद्याची खरी परीक्षा पिल्लापाशी होते, आणि म्हणूनच पिल्लावर ती परीक्षा लादताना हात आखडता ठेवायचा.

पिठाकडे येऊ. बोंडं गोळा केली. त्यांत एकही बी, टरफलाचा एकही तुकडा राहू दिला नाही, कारण तो चीक आतड्यालाही सोडणार नाही. रस पिळून घेतला, चोथा पातळ पसरून कडक उन्हात वाळवला. ताज्या बोंडात शंभरात पंचाऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतं, त्यामुळे टोपलीभर फळाचं ओंजळभर पीठ होतं. ते ओंजळीत घेऊन पाहा: तपकिरी, हलकं, गुळासारख्या वासाचं. त्यात काय आहे? उरलेली साखर, बरेच तंतू, मक्याच्या आसपास जाणारी प्रथिनं, आणि टॅनिन. म्हणजे ते बदली करू शकलं तर मक्याची काही अंशी करेल. सोयापेंडीची जागा ते घेणार नाही. दूध तोडलेल्या पिल्लाच्या खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं लागतात आणि त्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल पुरेसं असावं लागतं. ते पेंडीतून किंवा मासळीच्या कुटीतूनच यायचं. इथे उत्साही माणूस घसरतो. फुकट मिळालेल्या पिठाने गोण भरते, पिल्लाचं पोटही भरतं, आणि पिल्लू मात्र खुजं राहतं.

पण मक्याची थोडी जागा घेणं हीही लहान गोष्ट नव्हे. मका कोंबडीला हवा, स्टार्चच्या कारखान्यांना हवा, आता इथेनॉललाही हवा. कोकणातल्या माणसाला तो घाटावरून विकत आणावा लागतो. डुक्कर पाळण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचाच असतो.

आता एक प्रयोग मनातल्या मनात मांडू. घाई नको, एकेक पायरी पुरती पाहू.

अलोऱ्याच्या एका शेडमध्ये २४ पिल्लं आहेत. सगळी जवळपास एका वयाची. त्यांचे चार गट करायचे. पहिल्या गटाला नेहमीचं खाद्य. दुसऱ्या गटात मक्याचा दहावा हिस्सा काढून तिथे बोंडाचं पीठ, तिसऱ्यात वीस टक्के, चौथ्यात तीस. दांडगी, गुबगुबीत पिल्लं एका गटात आणि मरतुकडी दुसऱ्या गटात गेली, तर प्रयोग सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असेल. म्हणून एका आईची पिल्लं चारही गटांत विखरायची, नर-माद्या सारख्या वाटायच्या, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चिठ्ठ्या टाकणाऱ्या हाताकडे पाहा. त्या हाताला एखादं पिल्लू आवडलेलं असतं आणि त्याने आवडत्या गटात जावं असं त्याला वाटत असतं. चिठ्ठी त्या हाताला स्वतःच्या आवडीपासून वाचवते.

सहा पिल्लं एकाच कुंडातून खात असतील, तर कुणी किती खाल्लं हे कळणार नाही. दांडगं पिल्लू जास्त खाईल, लाजरं कमी, आणि हिशेब सहांचा मिळून लागेल. तेव्हा प्रत्येक गटाचे तीन छोटे कप्पे करायचे, प्रत्येकात दोन पिल्लं. काम वाढतं. बारा कुंडं धुवायची, बारा वेळा खाद्य तोलून घालायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं बाहेर काढून तेही तोलायचं. चारही खाद्यांत प्रथिनं सारखी राहतील असं मिश्रण बसवायचं, नाहीतर बोंडाची परीक्षा घेतोय असं म्हणत आपण पेंडीचीच परीक्षा घेत बसू. पहिला आठवडा नुसता सवयीचा. वजन दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच काट्यावर, सकाळी खाद्य घालण्याआधी.

वजनाचा क्षण डोळ्यांपुढे आणा. पिल्लू पोत्यात किंवा पाटीत धरून काट्यावर ठेवलं आहे. ते किंचाळतं आहे, काटा नाचतो आहे. माणूस वाट पाहतो. पिल्लू दमून क्षणभर गप्प होतं, काटा स्थिरावतो, आकडा लिहिला जातो. लिहिणाऱ्याला हे पिल्लू कोणत्या गटातलं ते ठाऊक नसलं, तर फार चांगलं. ठाऊक असलं की डोळा आपल्याला हव्या असलेल्या आकड्याकडे झुकतो, आणि हे प्रामाणिक माणसाच्या डोळ्यालाही होतं.

पहिल्या गटाकडे आता लक्ष द्या, ज्याला बोंडाचं पीठ दिलेलंच नाही. प्रयोगाचा कणा तोच गट आहे. बोंड खाणारी पिल्लं महिन्यात चांगली वाढली, तर आपण हरखून जाऊ. पण पिल्लं तशीही वाढतातच. चांगल्या खाद्यावरचं संकरित पिल्लू दिवसाला पाव किलोहून अधिक वाढतं. आपल्या पिठाने वाढलं की पिठाला न जुमानता वाढलं, हे सांगायला शेजारचा कप्पा लागतो. आपल्या रोजच्या जगण्यात हा शेजारचा कप्पा बहुधा नसतो. अमुक काढा घेतला आणि ताप उतरला, अमुक खत घातलं आणि आंबा धरला, असं आपण सांगतो आणि मनापासून मानतो. काढा न घेता ताप उतरला असता का, हे विचारायला दुसरं शरीर आपल्याकडे नसतं. शेडमधल्या या सहा पिल्लांमुळे ते विचारता येतं. एवढ्यावर थोडा वेळ स्वस्थ बसून पाहा, आणि स्वतःच्या खात्रीच्या गोष्टींपैकी कुठल्या गोष्टीला असा शेजारचा कप्पा होता, ते आठवा.

दिवस जाऊ द्या. दुसरा आठवडा, तिसरा. उन्हाचा कडाका वाढतो आणि चारही गट खाणं कमी करतात. त्याचा दोष बोंडाला देऊ नका. तीस टक्क्यांच्या कुंडात रोज थोडं पीठ उरू लागतं. तुरटपणा असेल, तंतूंनी पोट लवकर भरत असेल. मनात खट्टू वाटतं. ते वाटणं नोंदवा. आपल्याला बोंड जिंकायला हवं होतं. पिल्लाला तसं काही नको होतं. एखाद्या कप्प्यात विष्ठा पातळ झाली, तर त्या कप्प्याचं बोंड बंद करायचं, पिल्लाला पाणी-क्षार द्यायचे, पशुवैद्याला बोलवायचं, आणि वहीत तसंच लिहायचं. प्रयोग पुरा व्हावा म्हणून पिल्लाने सोसावं, हे मला मान्य नाही. जनावरांवरच्या क्रूरतेला रोखणारा आपला कायदा १९६०चा आहे आणि संस्थांमधल्या प्रयोगांना नीतिसमितीची परवानगी लागते. परसातल्या शेडमध्ये समिती येणार नाही. तिथे पाळणाऱ्यालाच समिती व्हावं लागतं.

हेही लपवून पुढे जाता येणार नाही, की हे पिल्लू मोठं झाल्यावर कापलं जाणार आहे. मांस खाणाऱ्याने आणि न खाणाऱ्यानेही इथे क्षणभर थांबावं. ज्याचा शेवट आपण ठरवला आहे त्याचा रोजचा घास नीट असावा, एवढं देणं तरी आपल्याकडे निघतंच.

आठ आठवडे झाले. निकाल काय लागेल? घाना, नायजेरिया अशा काजूच्या देशांत वाळलेल्या बोंडाचं खाद्य डुकरांना देऊन पाहिलं गेलं आहे. गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. बोंडाचा रस काढून उरलेला चोथा डुकरांच्या खाद्यात कसा वापरता येईल, हा तिथल्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. फळांच्या अशा पिठांचं एकंदर वळण सारखंच दिसतं: थोडं चालतं, जास्त झालं की वाढ मंदावते. थोडं म्हणजे किती, हे मात्र फळाच्या जातीवर, वाळवण्यावर, पिल्लाच्या वयावर आणि बाकीच्या खाद्यावर ठरतं. वेंगुर्ल्याच्या पिवळ्या बोंडाचं उत्तर अलोऱ्याच्या तांबड्या गावठी बोंडाला लागू पडेलच असं नाही. म्हणून तर पुन्हा विचारायचं.

बोंडाच्या जोडीला परसात आणखी दोन उमेदवार पडलेले असतात. आंब्याच्या बाठ्यातली कोय: स्टार्च भरपूर, थोडी चरबी, आणि इथेही टॅनिन. कच्च्या कोयीचं पीठ जास्त घातलं की डुकरं आणि कोंबड्या दोन्ही खुरटतात. भिजवून, उकडून, पाणी फेकून दिलं की बरंच निभावतं. रत्नागिरीच्या आमरसाच्या कारखान्यांबाहेर बाठ्यांचे ढीग पाहिलेल्याला याचं मोल सांगायला नको. दुसरी फणसाची आठळी. कच्च्या आठळीत प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात आणि ती उकडल्याने मोडतात. आपण आठळ्या उकडून किंवा भाजूनच खातो. पिल्लालाही तोच न्याय लावावा.

या सगळ्याला एक निकडही आहे. खाद्य महाग म्हणून डुकरांना हॉटेलचं उष्टं घालण्याची रीत आहे. २०२० साली आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर पोचला आणि पुढे देशात पसरत गेला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा गोठाच्या गोठा रिकामा करतो, आणि न उकळलेल्या उष्ट्यातल्या मांसाच्या तुकड्यातून तो पसरू शकतो. उष्टं घालायचंच तर खळखळून उकळूनच घालावं. गावातलं वाळवलेलं फळ पिल्लाच्या खाद्याचा थोडासा भाग जरी झालं, तरी त्या उष्ट्याची गरज तेवढी घटेल.

आता हळूहळू बाहेर या. श्वासाकडे एकदा लक्ष द्या, पाय मोकळे करा. बोंड, पिल्लू आणि काटा हे तिघे मनात राहू द्या. बाकीचं विसरलं तरी चालेल.

मग एक काम करा. चिपळूण तालुक्यातच मांडकी-पालवण आणि खरवते-दहिवली इथे कृषी महाविद्यालयं आहेत, दापोलीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे तुमचं मूल, भाचा, शेजारी शिकत असेल, तर त्याला प्रकल्पासाठी हा विषय सुचवा: आपल्याच वाडीतलं बोंड, आपल्याच तालुक्यातली पिल्लं, चार गट, एक वही. पिल्लं पाळणाऱ्या घराला आधी विचारायला सांगा. जनावर खाईना झालं की त्यांना ते सगळ्यांच्या आधी कळतं. निकाल बोंडाच्या बाजूने लागो न लागो, तो लिहून गावात वाचून दाखवावा. आणि वाळवण मेमध्येच उरकावं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अलोऱ्यात पाऊस उतरतो, आणि त्यानंतर पसरलेल्या चोथ्यावर बुरशी धरते. बुरशी धरलेलं पीठ कुठल्याच पिल्लाला देऊ नये.